थोरल्या आईंचा मी लावलेला पाट

सोळाव्या वर्षी मला प्रेमातलं सगळं कळत होतं. पुढे एवढा संसार केला, त्यात ते ज्ञान झिजत गेलं आणि आता फारसं काही उरलेलं नाही. पण त्या वर्षी माझ्याइतकी जाणकार बाई अख्ख्या मुरबाड तालुक्यात दुसरी नव्हती, याबद्दल निदान मला तरी शंका नव्हती.

हे ज्ञान मला शहापूरच्या वाण्याने दिलं. माझं माहेर आटगावजवळचं. बाबा बाजाराला शहापूरला जात आणि वाणी हळद, गूळ, जिरं जुन्या मासिकांच्या पानांत बांधून देई. मी चौथीपर्यंत शिकलेली. पुड्या सोडल्या की पानं मांडीवर सरळ करून वाचत बसायची. त्यात गोष्टी असत. बंगल्यात राहणारी माणसं, गच्चीवर उभी राहून एकमेकांकडे बघणारी आणि उसासे टाकणारी. गुळाच्या पानावर मधल्या चार ओळी चिकटून गेलेल्या असत, हळदीच्या पानावर नायिका पिवळी पडलेली असे. गोष्टीचा शेवट मात्र कधीच हाताला लागला नाही. शेवटाच्या पानात वाण्याने दुसऱ्या कुणाला तरी मिरी बांधून दिलेली असायची. म्हणून शेवट मी करायची. सगळे गोड करायची आणि ते मला छान जमतात असा माझा समज होता.

लग्न होऊन मी मुरबाडच्याही पलीकडे दोन कोसांवर गेले. तिथे रेल्वे नव्हती. मी रेल्वेच्या गावची. गाडीत जन्मात तीनदा बसलेली, पण शिट्टी रोज ऐकलेली, आणि तेवढ्या भांडवलावर सासरच्या लोकांना मी मनातल्या मनात अडाणी ठरवून टाकलं होतं. नवरा चांगला होता. पहिल्या वर्षात तो माझ्याशी जे काही बोलला ते बहुतेक बैलांविषयी होतं. एकदा थंडीच्या दिवसांत त्याने आपण होऊन विचारलं, "थंडी वाजते काय गो?" मला वाटलं, आली गच्ची. मी लाजून नाही म्हटलं. तर त्याने माझी घोंगडी उचलली आणि आजारी बैलावर घातली.

घरात प्रेम मिळेना म्हणून मी ते शेजारीपाजारी शोधायला लागले आणि मला थोरल्या आई सापडल्या.

थोरल्या आई म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. पंचावन्न-साठीच्या असतील. मूलबाळ नव्हतं. आमच्याच अंगणाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची वेगळी चूल होती आणि नवऱ्यामागे गावकीने त्यांना मळ्याचं खाचर लावून दिलं होतं. हे खाचर म्हणजे भाताचा एक तुकडा, पण ओढ्याच्या कुशीतला. इतरांची जमीन दिवाळीनंतर भेगाळायची, तेव्हा तिथे भाताच्या मागोमाग वाल तरारून येत. त्या एका तुकड्यावर थोरल्या आई कुणापुढे हात न पसरता जगत होत्या. पण ही माहिती मला तेव्हा बिनकामाची वाटायची. मासिकांतल्या माणसांना शेत नसे.

कामाची माहिती वेगळीच होती. पलीकडच्या पाड्यावरचा एक म्हातारा रोज सकाळी थोरल्या आईंच्या पडवीत येऊन बसायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात सुना-नातवंडं. तोंडात एकही दात नाही, म्हणून सगळा गाव त्याला बोळके बाबा म्हणे. त्याला पान खायचा नाद, आणि न कुटता पान खाणं त्याला शक्य नव्हतं. थोरल्या आईंकडे पितळेचा जड खलबत्ता होता. बाबा पान, सुपारी, चुना, कात पुढे ठेवायचा, त्या कुटून द्यायच्या. ठक, ठक, ठक. तो तोंडात घालायचा. दोघंही एक शब्द बोलायची नाहीत. मग तो उठून जायचा.

आता याला प्रेम नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? मी चुलीशी बसून ती ठकठक ऐकायची आणि माझ्या डोळ्यांना पाणी यायचं. धुराचंही असेल.

शिवाय दुसरा पुरावा होता. आमच्याकडे भाताचं रोप जिथे टाकायचं त्या जागेवर थंडीपासूनच शेण, टहाळी, पालापाचोळा असं थरावर थर पसरून ठेवतात आणि उन्हाळ्यात ते भाजतात. त्याला राब म्हणतात. टहाळी तोडायला झाडावर चढावं लागतं आणि थोरल्या आईंना ते जमण्यासारखं नव्हतं. तर बोळके बाबा दोन-तीन दिवसांआड ऐनाच्या टहाळ्यांचा एक भारा मळ्याच्या खाचरात नेऊन टाकायचा. कुणाला सांगायचा नाही. मासिकांत गुलाबाचं फूल द्यायचे, इथे ऐनाचा भारा. फरक फक्त वजनाचा, असं मी ठरवलं.

मग मला वाटलं, या बिचाऱ्यांना कुणीतरी पुढे ढकललं पाहिजे. आमच्या लोकांत विधवेचा पाट लागतो, म्हणजे तिचं दुसरं लग्न लावतात, त्यात काही वावगं नव्हतं. एक दिवस भात सडताना मी सासूबाईंना म्हटलं, "आई, थोरल्या आईंचा आन बोळके बाबांचा पाट लावला तर?"

सासूबाईंचं मुसळ वरच्यावर थांबलं. "तुला कोन बोललं?"

"कोनी नाय. दिसतंच ना. रोज येतात."

सासूबाईंनी मुसळ पुन्हा चालवलं. पण संध्याकाळी सासऱ्यांनी, ज्यांनी वर्षभरात माझ्याकडे तोंड करून एक शब्द काढला नव्हता, त्यांनी भिंतीकडे तोंड करून सांगितलं, "सून शहानी हाय."

मी हुरळून गेले. पुढचे आठ दिवस घरात माझा मान काय सांगावा. भाकरी करपली तरी कुणी बोलेना. सासरे मुरबाडच्या बाजारातून लुगडं घेऊन आले, जांभळं, पिवळ्या काठाचं. लढाईचे दिवस होते, कापड डोळ्याला दिसत नव्हतं, माझ्या लुगड्याला चार ठिगळं होती. मला वाटलं माझ्यासाठीच. ते थोरल्या आईंच्या पाटासाठी होतं, आणि लगेच त्यांच्या हाती गेलं. तरी मी रागावले नाही. नायिकेसाठी त्याग करणारी एक मैत्रीण त्या गोष्टींत नेहमी असे, ती मी, अशी मी मनाची समजूत घातली. आणि सासऱ्यांचं मन किती मोठं, भावजयीच्या सुखासाठी माणूस किती धडपडतो, असं म्हणून पुन्हा एकदा डोळ्यांत पाणी आणलं. या खेपेला धूर नव्हता.

गावकीची चार म्हातारी माणसं बोलवायची ठरली. आणि मग थोरल्या आईंनी मला हाक मारली.

त्या पडवीत खलबत्ता पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. "बस," म्हणाल्या. मी बसले. मला वाटलं, आता लाजतील.

"हा पाट कोनाच्या डोसक्यातनं निघाला गो?"

"माझ्या," मी अभिमानाने म्हटलं.

"बरं. पाट लागला की बाईनं पयल्या नवऱ्याच्या घरातनं काय न्यायचं?"

"काय न्यायचं नाय."

"मंग मळ्याचं खाचर कोनाचं?"

 रीत मला ठाऊक होती. लहानपणापासून ठाऊक होती. पाट लावून जाणाऱ्या बाईला हातातला चांदीचा गोठसुद्धा काढून ठेवावा लागतो, हे मी आटगावला डोळ्यांनी पाहिलेलं. फक्त प्रेमाच्या गोष्टीत खाचर कुठून येणार, म्हणून तो विषय डोक्यात आलाच नव्हता. आता तो आला आणि त्याच्यासोबत सासऱ्यांचं मोठं मनही नीट दिसायला लागलं. ते बरोब्बर खाचराएवढं होतं.

"तुमी नाय म्हना," मी म्हटलं.

"नाय म्हनलं तर इचारतील, मंग तो रोज कशाला येतो? इतकी वर्सं कोनी इचारलं नवतं. आता तूच सांगून ठेवलंस ना, रोज येतो म्हनून. चालीची वाईट म्हनून खाचर काढून घेतील. व्हय म्हनलं तरी गेलं, नाय म्हनलं तरी गेलं. त्याच्या सुनांच्या चुलीवर उष्टं खात मरायचं मी, का हितं तुझ्या सासूच्या?"

मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "रडू नको, त्यानं काय होत नाय," आणि पानाची एक पुडी बांधून माझ्या हातात दिली. "हे त्याला दे. तो आता हितं येत नाय, लाजतो. आन त्याला सांग, बैठकीत माग म्हनावं. भावोजी देतील. जोवर देतायत तोवर मागत जा."

तुम्हाला यातला डाव कळला असेल. मला कळला नाही. मी पाड्यापर्यंतच्या वाटेवर डोळे पुसत गेले आणि पोचेपर्यंत माझी पक्की खात्री झाली की बाईला मनातून पाट हवाच आहे आणि ती हुंडा ठरवते आहे. मी निरोप दिला. बोळके बाबांनी पुडी सोडली, पान तोंडात टाकलं आणि सावकाश चघळलं.

"असं बोलली?"

"व्हय."

"बरं," ते म्हणाले.

बैठक आमच्या अंगणात, जेवणं झाल्यावर भरली. मी आणि सासूबाई दाराआड. थोरल्या आई आपल्या पडवीत डाळ निवडत होत्या, जणू त्यांच्या नाही तर शेजारच्या म्हशीच्या सौद्याची बैठक आहे. बोळके बाबा धुतलेलं मुंडासं बांधून आले. ते मुंडासं बघून माझं काळीज पुन्हा हललं. एवढं सगळं कळूनही मी वाट बघत होते की आता हा माणूस उभा राहील आणि गच्चीवरच्यासारखं काहीतरी बोलेल.

गावकीतल्या सगळ्यात म्हाताऱ्याने विचारलं, "काय रे, तुझं काय म्हननं?"

"माझं कसलं म्हननं. बोलावलं, आलो. बाईसंगं खलबत्ता येनार काय?"

चौघेही हसले. सासरे म्हणाले, "रीतीनं येत नाय. पन जा, दिला."

मी दाराआड कपाळाला हात लावला. इतक्या वर्षांची मूक प्रीत आणि पहिला शब्द खलबत्ता.

"आन दात नाय मला," बाबा म्हणाले. "दूधभात खातो. तुमची म्हैस?"

सासरे थांबले. घरात दुभती म्हैस एकच होती. सासूबाईंनी माझा दंड असा धरला की पुढे चार दिवस वळ होता. सासऱ्यांनी एकदा मळ्याच्या दिशेला बघितलं. "देऊ," ते म्हणाले.

"मेल्यानं म्हस दिली," सासूबाई दाराआड पुटपुटल्या. नवऱ्याला त्यांनी मेल्या म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"पान कुटून बाईचा हात भरून येईल," बाबा सावकाश पुढे म्हणाले. "तुमची सून धाडाल काय, चार म्हयने, हाताखाली?"

"न्या," सासरे म्हणाले.

म्हशीला ते थांबले होते. माझ्यासाठी श्वासही घेतला नाही.

आता गावकीचा म्हातारा पुढे सरकून बसला. "थांब रे. भावजय देतोस, खलबत्ता देतोस, म्हस देतोस, सून देतोस. तुला यात काय गावतं?"

 दुसऱ्या एकाने मान वळवून ओढ्याकडे बघितलं, मग तिसऱ्याने, मग सगळ्यांनीच. सासरे जमिनीवर काडीने रेघा मारायला लागले.

"तेच माझ्या मनात आलं," बोळके बाबा उठत म्हणाले. "इतकं देऊन घालवतात, म्हंजे बाईत कायतरी खोट असनार. मला नको. मी आपला न कुटता खाईन." आणि मुंडासं काढून बगलेत मारून ते चालू लागले.

अंगणात असं हसू उठलं की कोंबड्या पळाल्या. आणि मग त्या हसण्यातच गावकीच्या म्हाताऱ्याने पडवीकडे तोंड केलं. "वयनी, तुझं काय?"

थोरल्या आईंनी डाळीतला खडा वेचून बाजूला टाकला. "माझं काय इचारता? मला कोनी इचारायच्या आधी नवरदेव पळाला. आता टाकलेल्या बाईला कोन करनार? हितंच रानार मी."

"राहा," म्हातारा म्हणाला. "खाचर तुझं, जिवंत हायस तोवर. आन तू," हे सासऱ्यांना, "परत हा विषय काढू नको. काढलास तर आधी ती म्हस त्याच्या घरी बांधून ये."

बैठक उठली. नायकाने नायिकेला चारचौघांत खोट काढून नाकारलं होतं, खलनायक काडीने रेघा मारत होता आणि नायिका डाळ निवडत होती. मासिकाच्या पानात असलं काही छापून आलं असतं तर मी त्यात जिरंसुद्धा बांधलं नसतं.

मी थोरल्या आईंजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "किती वंगाळ बोलले ते तुमाला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रेल्वेच्या गावची माणसं इतकी मंद असतात हे त्यांना नवीन होतं. "मीच सांगितलं ना तुझ्या हाती," त्या म्हणाल्या. मग डाळीकडे बघत, "खोट काडायची ती त्याची त्यानं काडली. तेवडं सांगितलं नवतं." आणि हसल्या. मी त्यांना हसताना फार वेळा पाहिलं नाही, त्यातली ही एक.

त्यानंतर बोळके बाबांना पडवीत येता येईना. ज्या बाईला चारचौघांत नाकारलं तिच्या दारात कुठल्या तोंडाने बसणार? बसले असते तर बैठकीचा सगळा खेळ उघडा पडला असता आणि त्यासोबत खाचर पुन्हा लोकांच्या तोंडी आलं असतं. म्हणजे माझ्या कर्तबगारीने दोन म्हाताऱ्या माणसांची रोजची घटकाभराची बैठक मोडली, एवढंच खरं झालं. शिक्षा मला मिळाली. रोज सकाळी थोरल्या आईंच्या देखरेखीखाली मी पान कुटायचं, पळसाच्या पानात बांधायचं आणि पाड्यावर नेऊन द्यायचं. घरच्यांना सांगायचं, पाण्याला जाते. हात भरून यायचा. प्रेमाचा आवाज ठकठक असतो खरा, पण बत्ता आपल्या हातात असला की तो वेगळा ऐकू येतो.

टहाळ्यांचे भारे मात्र मळ्यात पडतच राहिले. कोण टाकतं ते कुणी पाहिलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. गावाला एव्हाना शहाणपण आलं होतं, ते फक्त माझ्या वाट्याला यायचं राहिलं होतं. कारण एक दिवस मी बाबांना विचारलंच. "बाबा, खरं सांगा. तुमाला पाट लावायचा होता का?"

ते पान चघळत होते. "तिला नको होता," म्हणाले.

"ते माहीत हाय. तुमाला?"

"मी सांगितलं ना गो. तिला नको होता."

यापुढे काही मिळालं नाही. मी घरी येताना याचा शेवट गोड कसा करायचा याचा खूप विचार केला. जमला नाही.

चैत्र संपता संपता राब भाजायचा दिवस आला. सकाळी वारा पडलेला असताना थोरल्या आई मळ्यात निघाल्या आणि त्यांना बघून सासूबाईंच्या हातातली घागर निसटली. त्यांनी ते मुरबाडचं लुगडं नेसलं होतं. जांभळं, पिवळ्या काठाचं. ज्या लुगड्यात त्यांची या घरातून पाठवणी व्हायची होती, ते नेसून त्या आमच्या ओट्यावरून, सासऱ्यांच्या समोरून, आपल्या खाचरात राख करायला चालल्या होत्या.

"नवं लुगडं, वयनी," सासऱ्यांना राहवलं नाही. "ठिनग्या पडतील."

"पडू द्या भावोजी. तुमी दिलंत, दुसरं देशाल," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

राब छान भाजला. ऐनाची टहाळी भरपूर होती. लुगड्याला पदराजवळ दोन भोकं पडली, ती मी नंतर शिवली, आणि ते मला मिळालं असतं तर मी कशी दिसले असते हे शिवताना मनात आणलं नाही असं मी म्हणणार नाही.

पान द्यायला उशीर झाला. बोळके बाबा पाड्याच्या टेकाडावर उभे होते. तिथून मळ्यातला धूर दिसत होता, माणूस दिसत नव्हता, त्यांची नजर तेवढी राहिली नव्हती.

"भाजला?" त्यांनी विचारलं.

"भाजला. ते नवं लुगडं नेसून गेल्या होत्या. मुरबाडचं."

"रंग कंचा?"

"जांभळा."

त्यांनी पुडी सोडली, पान तोंडात घातलं आणि धुराकडे तोंड करून खूप वेळ चघळत राहिले. मी तिथेच उभी. मला वाटलं, आता बोलतील. उगाच कशाला खोटं सांगू, अजूनही मला गच्चीच दिसत होती.

"बारीक नाय झालं," ते म्हणाले. "तिला सांग, उद्या पोरीकडनं नीट कुटून घे."